बुडायला स्वस्त जागा: बायोटेक कंपन्या केंडल स्क्वेअरलाच का गर्दी करतात

बोस्टनच्या मेट्रोत रेड लाइन म्हणून एक लाइन आहे. केंडल स्टेशन सोडलं की गाडी भुयारातून वर येते, पुलावरून चार्ल्स नदी ओलांडते आणि लगेच पुढचं स्टेशन, चार्ल्स-एमजीएच. एमजीएच म्हणजे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, जिथे १८४६ साली ईथर हुंगवून पेशंटला बेशुद्ध केलं आणि चारचौघांसमोर ऑपरेशन करून दाखवलं, तेच. नदीच्या अलीकडे केंब्रिज शहर (इंग्लंडमधलं नाही, अमेरिकेतलं), त्यात एमआयटी हे विद्यापीठ आणि एमआयटीला खेटून केंडल स्क्वेअर. तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत बायोजेन, मॉडर्ना, नोव्हार्टिस, टाकेडा, फायझर, शिवाय गूगल, मायक्रोसॉफ्ट, अकामाय ही सगळी मंडळी अशी दाटीवाटीने बसलीयत की एका कंपनीच्या खिडकीतून दुसरीची मीटिंग रूम दिसावी.

आता प्रश्न असा की का? थंडी हाडं गोठवणारी, घरभाडी ऐकून डोळे पांढरे होतात, लॅबचं भाडं तर अमेरिकेतल्या सगळ्यात महागांपैकी एक. एवढा मोठा देश पडलाय, स्वस्त जमीन आहे, कर कमी लावणारी राज्यं आहेत, मग याच चौकात येऊन एकमेकांच्या पायावर पाय द्यायचा अट्टाहास कशाला? याचं छापील उत्तर "टॅलेंट" आणि "इकोसिस्टिम" असं असतं, आणि ते ऐकून माझ्या डोक्यात काडीचाही उजेड पडत नाही. म्हणून जरा उलट्या बाजूने बघू, म्हणजे कंपनी बुडते कशी तिथून.

औषध बनवणारी नवी कंपनी म्हणजे वर्षानुवर्षं फक्त पैसे खाणारं प्रकरण. सॉफ्टवेअरवाल्यांचं बरं असतं, चार लॅपटॉप घेतले, सहा महिन्यांत काहीतरी बनवलं, लोकांना आवडलं नाही तर दुसरं बनवलं. औषधाचं तसं नाही. कल्पना सुचल्यापासून औषध बाजारात यायला सहज दहा-पंधरा वर्षं जातात, आणि माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ पडतातच. यात कुणाचा हलगर्जीपणा असतो असंही नाही, शरीर हे प्रकरणच असं आहे की उंदरात झकास चाललेलं माणसात चालत नाही. म्हणजे बघा, हुशार लोक, भरपूर पैसा, सगळं नीट करूनसुद्धा कंपनी बंद पडणं हा इथला रोजचा मामला आहे.

मग अशा धंद्यात जागा निवडताना "कुठे स्वस्तात चालवता येईल" हा प्रश्न दुय्यम ठरतो. खरा प्रश्न, बुडाल्यावर कमीत कमी नुकसान कुठे होईल? माझ्या मते केंडल स्क्वेअरचं सगळं इंगित या एका गोष्टीत आहे, बुडणं तिथे स्वस्त पडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा एक बाई आहेत, प्रोटीन शुद्ध करण्यात त्यांचा हातखंडा, पंधरा वर्षांचा अनुभव. नवरा नोकरी करतो, मुलगी आठवीत. त्यांना दोन ऑफर आल्यात. एक कंपनी दूरच्या राज्यात आहे, पगार चांगला, घर अर्ध्या किमतीत, पण त्या गावात तसलं काम करणारी ती एकच कंपनी. दुसरी केंडलला, घर महाग, येण्याजाण्यात रोज तास-दीड तास. बाई काय निवडतील? त्यांना पक्कं माहीत आहे की ट्रायल पडली तर दोन वर्षांत कंपनी गुंडाळली जाणार. पहिल्या गावात असं झालं की घर विका, मुलीची शाळा बदला, नवऱ्याची नोकरी सोडा. केंडलला झालं तर सोमवारपासून समोरच्या बिल्डिंगमध्ये जा, डबा तोच, गाडी तीच. म्हणून बाई केंडलला येतात, आणि अशा हजारो बाया-बुवा तिथे आहेत म्हणून नवी कंपनीही तिथेच येते, कारण तिला माणसं लागतात तीही आज, आणि लागतात नेमक्या अनुभवाची. मग आणखी कंपन्या, म्हणून आणखी माणसं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की महागाईला ते जुमानत नाही.

पैसे लावणाऱ्यांचंही तसंच. दहा कंपन्यांत पैसे टाकले, आठ बुडाल्या, तर त्या आठांतली चांगली माणसं, मशीन आणि झालेल्या चुकांचं शहाणपण पुढच्या कंपनीत उचलून नेता येतं. सगळं मुसळ केरात जात नाही.

याच बोस्टनच्या आसपास उलटा नमुनाही घडून गेलाय. शहराला वळसा घालणारा रूट १२८ नावाचा रस्ता आहे, एकेकाळी त्या पट्ट्यात कॉम्प्युटर कंपन्यांची चलती होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, १९५७ साली ७०,००० डॉलरच्या गुंतवणुकीवर जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू झाली आणि पुढे एक लाखावर नोकर झाले. वँगही तशीच मोठी. पण या कंपन्या म्हणजे आपापले वाडे, सगळं आत, चिप आतली, सॉफ्टवेअर आतलं, माणूस चिकटला की चिकटला, सोडून गेला तर नोकरीच्या करारात अट की अमुक काळ स्पर्धकाकडे जायचं नाही. कॅलिफोर्नियात १८७२ पासूनच्या कायद्याने अशा अटी जवळपास फोल ठरतात, तिथे माणसं भराभर इकडून तिकडे गेली आणि त्यांच्यासोबत डोक्यातलं ज्ञानही गेलं. पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर वँगने १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकला विकली गेली. मॅसॅच्युसेट्सने शहाणपण घेतलं पण सावकाश, २०१८ च्या कायद्याने ही अट साधारण एका वर्षापुरतीच ठेवता येते असं केलं. उशीरच म्हणायचा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, कारण तो ऐकला की "उद्योगाला नियम नको असतात" हे वाक्य जरा जपून वापरावंसं वाटतं.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियात एका जीवाचा डीएनए कापून दुसऱ्यात जोडायची पद्धत जमली. लोक घाबरले, शास्त्रज्ञही घाबरले, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच असिलोमारला जमून त्यांनी स्वतःच काही बंधनं ठरवली. १९७६ मध्ये हार्वर्डला केंब्रिजमध्ये या कामासाठी खास बंदिस्त लॅब बांधायची होती. तेव्हा केंब्रिजचे महापौर होते अल्फ्रेड वेलुची. माणूस अस्सल गल्लीतला राजकारणी, हार्वर्डशी जुनं वाकडं, हार्वर्डच्या आवारावर डांबर ओतून पार्किंग करू अशी धमकी देण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी उन्हाळ्यात सिटी कौन्सिलची जाहीर सुनावणी लावली, हॉल खच्चून भरला, टीव्हीवाले आले, आणि वेलुचींनी मोठमोठ्या प्रोफेसरांना आधी दम भरला की तुमची ती अक्षरांची लघुरूपं इथे चालणार नाहीत, इथे साधी माणसं बसलीयत, सगळं फोड करून सांगा. मला हे फार आवडतं. दोन्ही बाजूंना शास्त्रज्ञच होते बरं का, हार्वर्डचेच नोबेलवाले जॉर्ज वॉल्ड विरोधात होते.

कौन्सिलने धोकादायक गटातल्या प्रयोगांना तात्पुरती बंदी घातली आणि एक नागरिक समिती नेमली. त्या समितीत जनुकं जोडणारं कुणीच नव्हतं. एक नर्स होती, एक नन होती, अध्यक्ष होते घरं तापवायचं तेल विकणारे व्यापारी. या लोकांनी कित्येक महिने संध्याकाळी बसून शास्त्रज्ञांचं ऐकलं, उलटतपासणी केली, आणि शेवटी म्हणाले, चालू द्या, पण या या अटींवर. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्याचा शहराचा नियम झाला, अमेरिकेत अशा कामासाठीचा पहिला. (वेलुचींचं समाधान झालं नव्हतंच, त्यांनी त्याच वर्षी नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसला पत्र लिहून आसपास दिसलेल्या केशरी डोळ्यांच्या प्राण्याचा तपास करा म्हटलं होतं.)

तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं, आता इथे कोण येणार. झालं उलटंच. बाकीच्या गावांत काही नियमच नव्हता, म्हणजे उद्या कुणीतरी अफवा पसरवली, मोर्चा आला, की बांधलेली लॅब बंद पडायची भीती. केंब्रिजमध्ये भांडण आधीच भांडून झालं होतं. काय चालतं, काय नाही, परवाना कुणाकडून, तपासणी कोण करणार, सगळं कागदावर. १९८१ मध्ये शहराने कंपन्यांसाठीही नियम स्पष्ट केले, आणि १९७८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेली बायोजेन १९८२ मध्ये केंडलला लॅब टाकून मोकळी झाली. बायोजेनच्या संस्थापकांत हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट आणि एमआयटीचे फिलिप शार्प, म्हणजे प्रोफेसरांना कंपनी घराजवळ हवी होती हेही कारण होतंच, ते नाकारून चालणार नाही. पण गुंतवणूकदाराच्या नजरेतून बघा, कडक नियम परवडतो, अंदाज नसलेला नियम परवडत नाही. आज मॅसॅच्युसेट्सची बायोटेक संघटना राज्यातल्या गावांना ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंत रेटिंग देते, लॅबसाठी तुमची परवानगीची यंत्रणा किती तयार आहे यावर. गावंही ते मिरवतात. वेलुचींना हसू आलं असतं.

जमिनीचं काय? तर ती एका फसलेल्या सरकारी प्रकल्पाची कृपा. केंडलला पूर्वी साबण, गोळ्या-चॉकलेटं, यंत्रं असले कारखाने होते, ते दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक करत गेले. १९६४ मध्ये नासाने तिथे इलेक्ट्रॉनिक्सचं संशोधन केंद्र काढलं, त्यासाठी उरलेले जुने धंदे उठवून जागा मोकळी केली, आणि १९७० मध्ये नासाने तेच केंद्र बंद केलं. काही जागा परिवहन खात्याकडे गेली, बाकी बरीच वर्षं ओसाड. लोकांनी तेव्हा शिव्या घातल्या असतील, पण बायोटेक आलं तेव्हा एमआयटीच्या दारात बांधायला जागा होती ती याच अपयशामुळे. असं ठरवून करता येत नाही, म्हणूनच "आपणही केंडल उभारू" म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते.

विद्यापीठं आणि पैसा हा भाग सगळ्यांना माहीत असतो म्हणून पटकन उरकतो. १९८० मध्ये अमेरिकेत बे-डोल कायदा आला, सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचं पेटंट विद्यापीठाला ठेवता येऊ लागलं आणि ते कंपनीला वापरायला देता येऊ लागलं. त्याआधी अशी पेटंटं सरकारच्या कपाटात धूळ खात पडायची. एनआयएच म्हणजे अमेरिकन सरकारची वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी संस्था, आणि तिच्या ग्रँटांच्या यादीत शहरांमध्ये बोस्टन वर्षानुवर्षं पहिलं होतं. केंडलला १९८२ मध्ये स्थापन झालेली व्हाइटहेड इन्स्टिट्यूट आली, मानवी जीनोम वाचायच्या प्रकल्पात तिचा वाटा सगळ्यात मोठ्यांपैकी, मग २००४ मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूट. आणि नदीपलीकडे हॉस्पिटलं, जी एका स्टॉपवर आहेत हे सुरुवातीला सांगितलं ते उगाच नाही. औषधाची ट्रायल करायला पेशंट लागतात, पेशंट बघणारे डॉक्टर लागतात, आणि सकाळी वॉर्डात राउंड घेणारा डॉक्टर दुपारी कंपनीच्या मीटिंगला तोंड दाखवू शकला तर "हे इंजेक्शन रोज घ्यायला पेशंट तयारच होणार नाही" असली गोष्ट पाच वर्षं आधी कळते. अर्थात ट्रेन वेळेवर असेल तर, त्या लाइनचीही रड आहेच.

बिल्डिंगबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं कारण याचा विचार बाहेरची माणसं करत नाहीत. ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये टेबलं काढून लॅब टाकता येत नाही. लॅबमध्ये खोलीतली हवा पुन्हा फिरवत नाहीत, बाहेरची ताजी घ्यायची, तापवायची किंवा थंड करायची आणि तासाला कित्येकदा पूर्ण बाहेर फेकायची, म्हणजे छतावर अवाढव्य पंखे, भिंतीतून मोठाले डक्ट, त्यामुळे मजल्याची उंची जास्त. फरशी थरथरली तर मायक्रोस्कोप बोंबलतो, म्हणून बांधकाम जड. उणे ८० डिग्रीचे फ्रीजर रात्री बंद पडले तर दहा वर्षांचे नमुने गेले, म्हणून जनरेटर. आणि एक मजेशीर नियम: आगीच्या कायद्याप्रमाणे पेट घेणारी रसायनं जितक्या वरच्या मजल्यावर, तितकी कमी ठेवता येतात, कारण आग लागली तर अग्निशमनवाल्यांना वर चढायचं असतं. रसायनं जास्त वापरणारी कंपनी म्हणून खालचे मजले बघत फिरते. हे सगळं बांधून तयार असणं, आणि ते बांधणारे, दुरुस्त करणारे, त्याची तपासणी करणारे लोक फोन केल्यावर तासाभरात येणं, हा एखाद्या प्रदेशाचा केवढा मोठा भांडवली साठा असतो, पण जाहिरातीत तो कुणी लिहीत नाही.

त्यातही सहा माणसांच्या कंपनीने काय करायचं? तिला लॅब बांधायला लाखो डॉलर कुठून आणायचे? त्यासाठी २०१३ मध्ये लॅबसेंट्रल सुरू झालं, ७०० मेन स्ट्रीटवर. तिथे एक बेंच भाड्याने घ्यायचं, सेंट्रिफ्यूज, फ्रीजर, परवाने, कचऱ्याची विल्हेवाट सगळं सामायिक. प्रयोग फसला तर बेंच रिकामं करून निघायचं, गळ्यात दहा वर्षांचा भाडेकरार नाही. बुडणं स्वस्त म्हणतो ते हे असं. आणि ती बिल्डिंग तरी कोणती, तर १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल बोस्टनमध्ये आणि त्यांचा सहकारी वॉटसन इथे, असं दोघं तारेवरून दुतर्फा बोलले ती, आणि पुढे पोलरॉइड कॅमेरावाल्या एडविन लँडची प्रयोगशाळा होती तीही हीच. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी हेच काम १९९९ पासून केंब्रिज इनोव्हेशन सेंटर करत होतं, महिन्याच्या बोलीवर छोटं ऑफिस, पटलं नाही तर टाटा.

कर सवलतीबद्दल इतका वेळ बोललो नाही ते मुद्दाम. मॅसॅच्युसेट्सने २००८ मध्ये कायदा करून दहा वर्षांत एक अब्ज डॉलर लाइफ सायन्सला द्यायचं ठरवलं. त्याचा उपयोग झाला, लॅबसेंट्रललाही त्यातले पैसे मिळाले, इंटर्नच्या पगाराला हातभार मिळाला, आणि सवलत घेऊन नोकऱ्या दिल्या नाहीत त्यांच्याकडून सवलत परतही घेतली, हे विशेष. पण वर्ष बघा, २००८. नोव्हार्टिसने जुन्या नेको गोळ्यांच्या कारखान्यात संशोधनाचं मुख्यालय थाटलं ते त्याच्या आधीच, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर डीएनएची वेटोळी रंगवून. म्हणजे सरकारचा पैसा पेटलेल्या चुलीत लाकूड घालायला आला, चूल पेटवायला नाही.

चूल शून्यातून पेटवता येतच नाही असं मात्र नाही. नॉर्थ कॅरोलायनात तीन विद्यापीठांच्या मधल्या झाडीत १९५९ मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क काढलं, पहिली काही वर्षं तिथे फारसं कुणी फिरकलं नाही, आयबीएम यायला १९६५ उजाडलं, आणि खरी गर्दी व्हायला त्यानंतर आणखी वर्षं गेली. एवढा धीर धरणारा राजकारणी मिळणं कठीण, कारण निवडणूक दर चार वर्षांनी येते.

या सगळ्याचा एकत्र परिणाम बघायचा तर मॉडर्ना. कंपनी २०१० ची. दहा वर्षं पैसे खाल्ले, बाजारात एकही औषध नाही, दुसरीकडे असती तर लोकांनी कधीच गाशा गुंडाळायला लावला असता. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूचा जनुकीय क्रम इंटरनेटवर आला, दोन-तीन दिवसांत लसीचा आराखडा ठरला, ७ फेब्रुवारीला ट्रायलसाठीची पहिली खेप बोस्टनजवळच्या नॉर्वुडच्या कारखान्यात तयार झाली आणि १६ मार्चला सिएटलमध्ये पहिल्या माणसाला टोचली. तो वेग त्या दोन महिन्यांत आला नव्हता, दहा वर्षं भाकड गाय सांभाळली त्याचा तो होता. आणि इथेच टेक आणि लाइफ सायन्स एकमेकांत मिसळतात, कारण क्रम वाचणं, आराखडा काढणं, हजारो शक्यता चाळणं हे बरंचसं कॉम्प्युटरचं काम. गूगलचे शेजारी बायोलॉजिस्ट असणं हा आता निव्वळ योगायोग राहिला नाही.

पण चित्र गुलाबी रंगवायचं नाही. २०२१ पर्यंत पैसा इतका स्वस्त होता की बिल्डरांनी दिसेल तिथे लॅब बांधायला घेतल्या, मग व्याजदर वाढले, गुंतवणूकदारांनी हात आखडले, आणि बोस्टन भागात नव्याकोऱ्या लॅब रिकाम्या पडल्या, ते उंच छत, ते डक्ट, सगळं तयार आणि आत माणूस नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने ग्रँटमधला वीज, इमारत, कारभार यांचा खर्च १५ टक्क्यांवर आणायची घोषणा केली, कोर्टाने ती अडवली, पण धास्ती बसायची ती बसलीच. आणि वर ज्या बाईंचं उदाहरण दिलं त्यांचं गणितही समोरच्या बिल्डिंगमध्ये नोकरी मिळते या एका खुंटीवर टांगलेलं आहे. समोरच्याही बिल्डिंगने एकाच वेळी भरती थांबवली तर महागडं घर तेवढं हातात उरतं, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांनी हे अनुभवलंय.

मेन स्ट्रीटवर अजूनही एक जुना कारखाना चालू आहे, ज्युनियर मिंट्स नावाच्या पेपरमिंटच्या गोळ्या बनवतो. आजूबाजूला सगळी काचेची लॅब, आणि मधेच हा गोळ्या पाडतोय. त्याला ना पेटंटची मुदत संपायची चिंता, ना ट्रायल पडायची.